जामीन कोण राहणार? : ज्यू मुलांची सुटका आणि आपला फुकटचा अभिमान

आपल्या समाजात दोन वाक्ये एकाच तोंडाने बोलली जातात. पहिले असे : "जगभर ज्यूंचा छळ झाला, पण आपल्या देशात कधी झाला नाही, ही आपल्या संस्कृतीची थोरवी." आणि दुसरे असे : "या देशाला वळण लावायला एखादा हिटलरच पाहिजे." बीड जिल्ह्यात काम करताना ही दोन्ही वाक्ये आम्ही पारावर, चहाच्या टपरीवर, शिक्षकांच्या खोलीत आणि लग्नाच्या मांडवात ऐकत आलो आहोत. हिटलरचे आत्मचरित्र मराठीत भाषांतरित होऊन दुकानांत थोरामोठ्यांच्या चरित्रांशेजारी विकले जाते. ज्याने ज्यूंना मारले तोही हवा आणि ज्यूंना जपल्याचा मानही हवा, यात काही विसंगती आहे हे बोलणाऱ्याच्या ध्यानातच येत नाही.

ही विसंगती नुसत्या अज्ञानातून आलेली नाही, असे आमचे म्हणणे आहे. जन्मावरून माणसाची किंमत ठरवण्याची सवय ज्या समाजाच्या हाडीमासी भिनली आहे, त्याला हिटलरचा गुन्हा फारसा गुन्हा वाटत नाही. दुसऱ्यांनी केलेल्या कामाचे श्रेय मात्र तो समाज आपल्या संस्कृतीच्या खात्यावर सहज चढवतो. म्हणून त्या काळात ज्यू मुलांना कोणी वाचवले, कसे वाचवले आणि आपल्या मुलखाचा त्यात वाटा किती, हे एकदा नीट तपासून घेऊ.

आधी शाळेचे दार बंद झाले

जानेवारी १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला. १९३५ च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी ज्यूंचे नागरिकत्व काढून घेतले. ज्यू कोण, हे ठरवताना त्या माणसाची श्रद्धा काय आहे हे पाहिले जात नव्हते. आजी-आजोबांपैकी तिघे ज्यू असले की नातू ज्यू. मग त्याने धर्म बदललेला असो, तो कितीही शिकलेला असो, पहिल्या महायुद्धात जर्मनीसाठी लढून पदक मिळवलेला असो, सुटका नाही. जन्माने चिकटलेला शिक्का काही केल्या पुसत नाही म्हणजे काय, हे आम्हाला कोणी समजावून सांगायची गरज नाही.

९ नोव्हेंबर १९३८ च्या रात्री जर्मनी आणि ऑस्ट्रियात शेकडो सिनेगॉग जाळली गेली, ज्यूंची दुकाने फोडली गेली, आणि सुमारे ३० हजार ज्यू पुरुषांना पकडून छळछावण्यांत टाकले गेले. त्यानंतर आठवडाभरातच ज्यू मुलांना जर्मन सरकारी शाळांतून काढून टाकण्याचा हुकूम निघाला. साताऱ्याच्या शाळेत घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळा बसणारा भीमराव ज्यांना माहीत आहे, त्यांनी हा क्रम लक्षात घ्यावा. आधी मूल वर्गात वेगळे काढले जाते, मग वर्गाबाहेर काढले जाते. जर्मनीत त्याच्या पुढची पायरी मृत्यूची होती. युद्ध संपेपर्यंत नाझींनी ठार मारलेल्या सुमारे ६० लाख ज्यूंमध्ये १५ लाखांच्या आसपास मुले होती.

जगाने दार किती उघडले?

जुलै १९३८ मध्ये फ्रान्समधील एव्हियाँ येथे ३२ देशांचे प्रतिनिधी ज्यू निर्वासितांच्या प्रश्नावर विचार करायला जमले. सहानुभूतीची भाषणे भरपूर झाली, पण निर्वासितांना घ्यायला जवळजवळ कोणीच तयार झाले नाही. पुढच्या वर्षी अमेरिकेत २० हजार मुलांना प्रवेश देण्याचे विधेयक आले. तेही मंजूर झाले नाही. लोकशाहीचा गजर करणाऱ्या देशांनीसुद्धा आपल्या कोट्याचा आकडा पुढे करून मुलांना दारातच अडवले.

ब्रिटनने मात्र नोव्हेंबरच्या त्या रात्रीनंतर १७ वर्षांखालील मुलांना तात्पुरता प्रवेश देण्याचे मान्य केले. २ डिसेंबर १९३८ रोजी पहिली तुकडी हार्विच बंदरात उतरली. युद्ध सुरू होईपर्यंतच्या नऊ महिन्यांत सुमारे १० हजार मुले जर्मनी, ऑस्ट्रिया, चेकोस्लोव्हाकिया आणि पोलंडमधून ब्रिटनला पोचली. यालाच 'किंडरट्रान्सपोर्ट' म्हणतात. किंडर म्हणजे मुले.

पण हे सरकारने आपल्या खर्चाने केले, असे समजू नये. खर्च ज्यू संस्था, क्वेकर पंथाचे लोक आणि साध्या कुटुंबांनी उचलला. पुढे प्रत्येक मुलामागे ५० पौंडांची हमी मागितली जाऊ लागली. मूल सरकारच्या गळ्यात पडणार नाही, याला कोणीतरी जामीन राहायचे. जामीन मिळाला की मूल गाडीत बसणार, नाही मिळाला तर फलाटावर राहणार. आईबापांना तर परवानगीच नव्हती. मुलांच्या हातात छोटी पेटी आणि गळ्यात नंबराची चिठ्ठी देऊन त्यांनी निरोप दिला. यातल्या बहुसंख्य मुलांना आपले आईबाप पुन्हा दिसले नाहीत. ज्या देशाने लेकरू घेतले त्याने त्याच्या आईला नाकारले, हेही या सुटकेच्या इतिहासात लिहून ठेवले पाहिजे.

प्रागमध्ये निकोलस विंटन नावाचा २९ वर्षांचा शेअर दलाल सुटीत गेला होता. डोरीन वॉरिनर, ट्रेव्हर चॅडविक अशा सहकाऱ्यांबरोबर त्याने मुलांच्या याद्या केल्या, ब्रिटनमध्ये एकेका मुलासाठी कुटुंब आणि जामीन शोधला. सरकारी परवाने वेळेवर येईनात तेव्हा खोटे परवानेही तयार केले. या कामातून ६६९ मुले वाचली. १ सप्टेंबर १९३९ रोजी सुमारे २५० मुलांची आणखी एक गाडी निघायची होती. त्याच दिवशी युद्ध सुरू झाले आणि ती गाडी हललीच नाही. हॉलंडच्या ट्रूस वाइसमुलर या बाईंनी डिसेंबर १९३८ मध्ये व्हिएन्नात थेट आइखमनसमोर उभे राहून ६०० मुलांची पहिली तुकडी बाहेर काढली. युद्ध पेटल्यावर वॉर्सात इरेना सेंडलर आणि तिच्या गुप्त संघटनेतल्या स्त्रियांनी घेट्टोतून मुले चोरून बाहेर नेली आणि त्यांची खरी नावे कागदावर लिहून लपवून ठेवली, म्हणजे उद्या ती आपल्या माणसांना परत देता यावीत.

या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. यादी, पैसा, पत्ता, जामीन आणि गरज पडली तर अन्यायी कायदा मोडण्याची तयारी, यांवर ही मुले वाचली. हळहळ तर एव्हियाँलाही पुष्कळ झाली होती. मुले वाचली ती संघटनेमुळे.

आपल्याकडे काय झाले?

आता भारताकडे येऊ. मुंबईच्या ज्यूंनी १९३४ सालीच जुइश रिलीफ असोसिएशन ही संस्था काढली. इथेही मुद्दा जामिनाचाच होता. भारतात येणाऱ्या निर्वासिताचा भार सरकारवर पडणार नाही, अशी हमी दिल्याशिवाय ब्रिटिश सरकार प्रवेश देईना, आणि ही हमी या संस्थेने घेतली. त्या आधाराने आलेले लोक मुख्यतः डॉक्टर, कलावंत, व्यावसायिक आणि त्यांची कुटुंबे होती. म्हणजे भारतात ज्यूंना जो आसरा मिळाला त्याचे पहिले श्रेय इथल्याच ज्यूंच्या संघटनेचे आहे. ते "आपल्या संस्कृती"च्या नावावर लिहिणे म्हणजे दुसऱ्याच्या शेतातले कणीस आपल्या खळ्यावर आणणे.

आणि आलेल्यांचे पुढे काय झाले? आमच्या आष्टी-पाटोद्याला लागून तेव्हाचा अहमदनगर जिल्हा आहे. तेव्हा आमचा बीड निजामाच्या राज्यात आणि नगर इंग्रजांच्या मुलखात. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच इंग्रजांनी देशभरातील जर्मन पुरुष पकडून नगरच्या छावणीत आणले. त्यांत नाझी होते, आणि नाझींच्या भीतीने पळून आलेले ज्यूही होते. हिटलरच्या लेखी जे जर्मन नव्हतेच, ते इंग्रजांच्या लेखी फक्त जर्मन ठरले. एकाच तारेच्या कुंपणात मारेकरी आणि त्याचे सावज. पुढे चौकशी समिती नेमून अनेकांना सोडले. काहींना पुन्हा अटक झाली, आणि पुरंदर, साताऱ्याच्या छावण्यांत काही कुटुंबे मुलाबाळांसह राहिली. आमच्या जिल्ह्याच्या वेशीपाशी घडलेला हा इतिहास आमच्या शाळांत कोणी शिकवत नाही.

महाराष्ट्रात जी कथा अभिमानाने सांगितली जाते ती कोल्हापूरजवळच्या वळिवड्याची. १९४३ ते १९४८ या काळात तिथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, त्यांत बहुतेक स्त्रिया आणि मुले होती. त्याआधी १९४२ मध्ये नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी जामनगरजवळ बालाचडी इथे शेकडो पोलिश मुलांची सोय केली. या माणसांच्या चांगुलपणाला आम्ही नावे ठेवणार नाही. वळिवड्याच्या आसपासच्या लोकांनी परक्या लेकरांना जीव लावला, हे खरे आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी वॉर्सातील कोल्हापूर स्मारकावर फुले वाहिली, त्यालाही आमचा आक्षेप नाही.

पण तपशील पुसून अभिमान बांधायचा नसतो. ही मुले प्रामुख्याने कॅथलिक होती आणि हिटलरपेक्षा स्टालिनच्या राजवटीची बळी होती. पूर्व पोलंडमधून त्यांना सायबेरिया-कझाकस्तानात हद्दपार केले होते. १९४१ मध्ये सुटका झाल्यावर ती १९४२ साली इराणमार्गे बाहेर पडली. वळिवड्याच्या छावणीचा खर्च लंडनमधील पोलिश सरकार देत होते. कोल्हापूरच्या गादीवर तेव्हा स्वतःच एक तान्हे मूल होते आणि कारभार रीजन्सीकडे होता.

इराणला पोचलेल्या त्याच लोंढ्यात ज्यू मुलेही होती. बहुतेक अनाथ, किंवा आईबापांची ताटातूट झालेली. 'तेहरानची मुले' म्हणून ती इतिहासात ओळखली जातात. त्यांना पॅलेस्टाईनला न्यायचे ठरले, तर इराकने आपल्या भूमीवरून जाऊ देण्यास नकार दिला. जमिनीचा जवळचा रस्ता बंद झाला म्हणून जानेवारी १९४३ मध्ये त्यांना इराणच्या बंदरातून बोटीने कराचीला आणले. काही वर्षांपूर्वीपर्यंत मुंबई इलाख्यातच असलेले, आणि कोकणातून गेलेल्या बेने इस्रायली कुटुंबांची वस्ती असलेले हे कराची. तिथे थोडे थांबून ती पुन्हा बोटीने सुएझला आणि तिथून रेल्वेने पॅलेस्टाईनला गेली. १८ फेब्रुवारी १९४३ रोजी सातशेच्या आसपास मुले तिथे उतरली. हिटलरच्या तावडीतून निसटलेली ज्यू मुले इतक्या संख्येने आपल्या भूमीवर आली ती एवढीच, वाटेत टेकण्यापुरती. आणि नेमकी त्यांचीच आठवण आपल्याकडे कोणाला नाही.

छळ झाला नाही, म्हणजे काय झाले?

कोकणातल्या बेने इस्रायलांचा छळ झाला नाही, हे खरे. पण त्यांना इथे जागा मिळाली ती कोणती? ते तेल गाळत आणि शनिवारी काम बंद ठेवत, म्हणून गावाने त्यांना 'शनिवार तेली' म्हटले. परका माणूस आला की त्याला जातीच्या उतरंडीत एक पायरी नेमून द्यायची, ही इथली रीत. त्याने पायरी ओलांडली नाही तोवर त्रास नाही. आणि ही रीत इतकी जबर की खुद्द बेने इस्रायलांमध्येही गोरा इस्रायल आणि काळा इस्रायल असे भेद पडले आणि त्यांच्यात रोटीबेटी व्यवहार होईना.

बेने इस्रायलांची गावे तेव्हाच्या ज्या कुलाबा जिल्ह्यात, त्याच जिल्ह्यात महाड होते. ज्या जिल्ह्याने ज्यूंना शतकानुशतके सुखाने राहू दिले म्हणून आपण पाठ थोपटून घेतो, त्याच जिल्ह्यात २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना चवदार तळ्याचे पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, आणि पाणी प्यायलेल्या माणसांची डोकी फोडली गेली. पाहुण्याला ओसरी आणि घरच्याला उकिरडा, ही कुठली सहिष्णुता?

याच संस्कृतीचे गोडवे गाणाऱ्यांनी तेव्हा कोणाची बाजू घेतली, हेही नोंदीत आहे. १९३९ साली गोळवलकरांच्या नावाने प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात, जर्मनीने ज्यूंना देशातून साफ करून वंशाभिमान दाखवला आणि हिंदुस्थानने त्यापासून धडा घ्यावा, असा विचार मांडला आहे. आज त्याच परंपरेतले लोक इस्रायलचे झेंडे नाचवतात. त्यांचे प्रेम ज्यूंवर नाही, बळावर आहे. ज्यू मुलांच्या वेदनेबद्दल बोलणारा माणूस गाझातल्या मुलाच्या वेदनेबद्दल गप्प बसू शकत नाही, आणि गाझाबद्दल बोलणाऱ्यानेही ऑशविट्झ विसरता कामा नये. मूल कोणाचे, हे विचारून हळहळायचे असेल तर ती हळहळ नाझींनाही येत होती, आपापल्या मुलांपुरती.

जुलै १९४२

एका तारखेपाशी आम्ही वाचकाला थांबवू इच्छितो. १८ जुलै १९४२. त्या दिवशी नागपुरात अखिल भारतीय दलित वर्ग परिषद भरली होती. याच परिषदेतून शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा जन्म झाला. हजारो माणसे बाबासाहेबांना ऐकायला जमली होती. त्याच दिवशी वॉर्साच्या घेट्टोत डॉ. यानुश कोर्चाक यांच्या अनाथाश्रमातली ज्यू मुले एक नाटक करत होती. ते नाटक होते रवींद्रनाथ टागोरांचे 'डाकघर'. खोलीत कोंडलेल्या, खिडकीतून जग पाहणाऱ्या आजारी अमलची गोष्ट. नाझींनी या नाटकावर बंदी घातली होती, तरी कोर्चाकांनी ते करवले. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात त्या सुमारे दोनशे मुलांना ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीकडे नेण्यात आले. कोर्चाकांना स्वतःचा जीव वाचवण्याची संधी होती. ती नाकारून ते मुलांबरोबर गेले.

भारतातून शब्द त्या मुलांपर्यंत पोचले, पण त्यांना कोणी जामीन राहू शकले नाही. आणि त्याच दिवशी, त्याच जगाच्या दुसऱ्या टोकाला, ज्यांना हजारो वर्षे गावकुसाबाहेर ठेवले होते ती माणसे ठरवत होती की यापुढे आपल्याला दुसऱ्या कोणाच्या जामिनाची वाट पाहायची नाही.

बाबासाहेबांना या दोन गोष्टींमधले नाते पुरते ठाऊक होते. त्याच महिन्यात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री झाले. डिसेंबर १९४२ मध्ये कॅनडात भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेसाठी त्यांनी अस्पृश्यांच्या प्रश्नावर निबंध लिहून पाठवला. युद्धकाळातल्या आपल्या लेखनात त्यांनी नाझींचा ज्यूद्वेष आणि सनातन्यांचा अस्पृश्यांबद्दलचा व्यवहार विचाराने आणि परिणामाने एकाच जातीचे आहेत, असे जगाला बजावून सांगितले. अस्पृश्यांच्या वस्तीसाठी त्यांनी 'घेट्टो' हाच शब्द वापरला. त्यांचे सांगणे साधे होते : जर्मनीतल्या अन्यायाविरुद्ध लढणाऱ्या जगाला भारतातल्या अन्यायाकडे पाठ फिरवता येणार नाही.

दोन दुःखांचे माप काढून कोणाचे जड, हे ठरवायला आम्ही बसलेलो नाही. गॅस चेंबर आणि गावकूस एक नव्हे. पण दोन्हींच्या मुळाशी एकच वाक्य आहे : तू कोणाच्या पोटी जन्मलास यावरून तुझा हक्क ठरेल.

मग आमच्या मुलांना जामीन कोण?

कोणी म्हणेल, युरोपातल्या ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांपूर्वीच्या गोष्टी बीडला कशाला? तर त्याचे उत्तर दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास आमच्या रस्त्यांवरून जाते. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी, ज्यांना आमच्याकडे 'कोयता' म्हणतात, ट्रॅक्टर-ट्रॉलीत संसार भरून पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघतात. माणसाचे नाव कोयता पडते, तिथूनच समजावे. त्यांच्याबरोबर मुले जातात आणि शाळेच्या हजेरीपटावर नाव तेवढे मागे राहते. उसाच्या फडात, कोपीत, धाकट्या भावंडाला सांभाळत त्यांचा हंगाम जातो. यांत दलित आहेत, वंजारी आहेत, बंजारा आहेत, गरीब मराठाही आहेत.

यांच्यासाठी योजना आहेत. हंगामी वसतिगृह आहे, साखरशाळा आहे. पण टोळी गाव सोडून गेल्यावर वसतिगृहाची मंजुरी येते, ही दरवर्षीची ओरड आहे. युद्धाच्या तोंडावर विंटन आणि त्याच्या सोबत्यांनी परक्या देशातल्या मुलांची यादी फोटोसकट तयार केली. मग आपल्याच जिल्ह्यात कोणत्या गावातून कोणते मूल कोणत्या कारखान्यावर जाणार, याची यादी टोळी निघण्याआधी का होऊ शकत नाही? प्रत्येक मुलामागे एका जबाबदार माणसाचे नाव आणि सही का असू नये?

आणि किंडरट्रान्सपोर्टने शिकवलेली दुसरी गोष्टही आम्ही विसरणार नाही. मूल ठेवून घेतले आणि आईबापाला वाऱ्यावर सोडले, तर ती अर्धी सुटका. मुलाला वसतिगृहात जागा देताना त्याच्या आईच्या उचलीचा, तिच्या मजुरीचा आणि आरोग्याचा प्रश्न तसाच ठेवला, तर पुढच्या पिढीतला कोयता आपणच तयार करून ठेवतो.

म्हणून आमची मागणी अशी. ज्यू मुलांचा इतिहास शाळांत शिकवा, पण संस्कृतीची पाठ थोपटण्यासाठी नव्हे. एव्हियाँची भाषणे शिकवा, नगरची छावणी शिकवा, कराचीला टेकून गेलेली सातशे मुले शिकवा, आणि त्याच धड्यात महाडचे तळे शिकवा. "हिटलर पाहिजे" म्हणणाऱ्या तरुणाला चिडून उत्तर देण्याऐवजी त्या दोनशे मुलांच्या नाटकाबद्दल सांगा. आणि येत्या हंगामात आपापल्या गावात, वाडीत, तांड्यावर यादी करायला बसा. वाचवणाऱ्यांनी तेव्हा हेच केले होते : कागद घेतला, मुलाचे नाव लिहिले, आणि जामीन म्हणून खाली आपली सही केली.

जय भीम!